करीगुड्ड्याची दुसरी कड

पिवळा ऑइल पेंट मीच आणला होता, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरून. अर्ध्या लिटरचा डबा आणि एक इंची ब्रश. दुकानदारानं विचारलं, "गेटला काय, अम्मा?" मी होय म्हटलं. आमचं गेट हिरवं आहे आणि ते मला तसंच आवडतं. पण नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून दुकानदारालाही खरं सांगितलं नाही.

नवऱ्याचं नाव श्रीरंग. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना नावानं हाक मारली नाही, पण लिहिताना श्रीरंगच लिहिते. नाहीतर 'हे' आणि 'ते' करत बसले तर कुणी काय केलं ते कुणालाच कळायचं नाही. आमची दोघांचीही घराणी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे बेंगळूरकडे आलेली, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. ते कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, मी हायस्कूलात गणित. मूलबाळ झालं नाही. आमच्या आयुष्यात जे काही झालं ते एक टेकडी झाली.

चित्रदुर्गाच्या पलीकडे, बेंगळूरपासून साडेचार तासांवर. गावातले लोक तिला करीगुड्ड म्हणायचे, म्हणजे काळी टेकडी. झाड नाही, देऊळ नाही, बघण्यासारखं काही नाही. मी तिला सवत म्हणायची. सुट्टी लागली की बॅग भरून द्यायची आणि म्हणायची, "जाऊन या सवतीकडे, मी इथं भांडी घासते." ते हसायचे आणि म्हणायचे, "तूपण चल की." पुढं पुढं मीही जायला लागले. एकटीनं घरात बसून तरी काय करायचं होतं?

त्या टेकडीत काय होतं ते आधी सांगते. समुद्राच्या तळाला मधोमध एक लांबलचक भेग असते. पृथ्वीच्या पाठीवरचे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथं ती पडते. खालून तापलेला रस त्या भेगेत चढतो आणि थिजून दगडाची उभी भिंत होते. मग तीच भिंत मधोमध फाटते, पुन्हा रस चढतो, पुन्हा भिंत. रसाची जी बाजू थंड दगडाला टेकते ती पटकन थिजते, म्हणून तिथला दगड मैद्यासारखा बारीक. आतला रव्यासारखा जाड. भिंत मधोमध फाटली की प्रत्येक अर्ध्या वाट्याला बारीक कड एकच उरते, दुसरी समुद्राच्या पलीकडच्या बाजूला निघून जाते. तेव्हा भिंतीला भिंत लागून, मध्ये दुसरा कुठलाच दगड नाही आणि प्रत्येकीला बारीक कड एकच, असं कुठं जमिनीवर दिसलं तर ओळखायचं, की हा जुन्या समुद्राचा तळ आहे आणि टकरीत वर ढकलला गेलाय.

करीगुड्ड्यावर अशा एकसष्ट भिंती आहेत असं श्रीरंगांचं म्हणणं होतं. दगडाचं वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त. म्हणजे तेव्हाही समुद्र उघडत होते, तेव्हाही भूपट्ट सरकत होते. हे सिद्ध झालं असतं तर मोठीच गोष्ट होती. १९९४ साली त्यांनी यावर निबंध लिहून छापायला पाठवला आणि तो परत आला. कुणीतरी शेरा मारला होता की ही एका माणसाची मोजदाद आहे, दुसऱ्या कुणी बघितल्याखेरीज धरता येत नाही. बघायला कोण येणार? कॉलेजातल्या मास्तरच्या बोलावण्यावर कुणी साडेचार तास येत नाही. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा परत आलं. असं तीस वर्षं चाललं.

त्यांचा एक नियम होता. दगडावर खूण करायची ती खडूनंच. दर वेळी गेल्यावर प्रत्येक कडेवर खडूची रेघ ओढायची, शेजारी नंबर घालायचा, मापं घ्यायची, वहीत उतरवायची. पुढच्या वेळेपर्यंत पाऊस ते सगळं धुऊन टाकायचा आणि आम्ही पहिल्यापासून सुरू. मी वैतागायची. गणिताच्या बाईला तेच गणित पंचवीस वेळा सोडवणं बरं वाटत नाही. पण ते म्हणायचे, "नंतर येणाऱ्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं, नीरजा. माझ्या खुणा बघून माझंच म्हणणं म्हणू नये." माणूस म्हणून ते असे होते. म्हणून तर त्यांच्यावर रागावूनही जीव होता माझा.

सत्तरीला त्यांचे गुडघे गेले. २०२२च्या फेब्रुवारीत ते खाली चिंचेच्या सावलीत घडीच्या स्टुलावर बसून राहिले आणि मी सहासष्टाव्या वर्षी त्यांचे बूट घालून वर चढले. ते खालून ओरडायचे, मी वरून ओरडायची. परत येताना गाडीत ते म्हणाले, "पुढच्या वेळी तुलापण जमायचं नाही." त्यांचा आवाज असा झाला होता की मी खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हाच मी ठरवलं. ऑक्टोबरात गेलो तेव्हा माझ्या पिशवीत तो डबा होता. ते खाली बसलेले, नजर अधू झालेली, पिवळा खडू आणि पिवळा पेंट त्यांना तिथून वेगळा ओळखू येणार नव्हता. दोन दिवस खपून मी एकसष्ट कडांवर एकसष्ट रेघा मारल्या आणि एकसष्ट नंबर घातले. म्हटलं, आता दहा वर्षं पाऊस येऊ दे. कुणी बघायला आलंच आणि आम्ही दोघं नसलो, तरी टेकडी आपली आपण बोलेल. फार समाधान वाटलं होतं मला.

बघायला येणारी गेल्या वर्षी भेटली. हर्षिता, चौतीस वर्षांची, इथल्याच एका मोठ्या संस्थेत संशोधन करते. आमच्यासारख्याच जुन्या घरातली मुलगी. कुठून तरी श्रीरंगांचा जुना निबंध तिच्या हाती लागला आणि ती शोधत दारात आली. चार तास बसली, सगळ्या वह्या बघितल्या. जाताना म्हणाली, "सर, जानेवारीत दोघं तज्ज्ञ येणार आहेत, नॉर्वेतून एक आणि ऑस्ट्रेलियातून एक. मी त्यांना करीगुड्ड्यावर घेऊन जाते. उभ्या दगडावर बघू देत." त्या संध्याकाळी श्रीरंगांनी दोन वेळा कॉफी मागितली आणि मी दिली, डॉक्टरांनी बंद केली होती तरी.

कारण तोवर त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की प्रवास नाही, दगदग नाही, आणि संक्रांतीच्या पुढचं मी काही बोलत नाही. मदतीला गदगकडची गंगव्वा ठेवली होती. ती त्यांना उठवायची, बसवायची. श्रीरंग तिला करीगुड्ड समजावून सांगायचे आणि ती मान डोलवत "होय की, होय की" म्हणत राहायची. येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं त्याची उजळणी चालायची. मी म्हणायची, तुम्हांला जाता येणार नाही, मनाला लावून घेऊ नका. ते म्हणायचे, "मी नसलो तर काय झालं? गुड्ड कुठं पळून जातंय?"

डिसेंबरात हर्षिता पाहणीला एकटी गेली. सकाळी अकराला तिचा फोन आला तेव्हा मी अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते.

"काकू, सर जवळ आहेत काय?"

"झोपलेत. का ग?"

"तुम्ही स्वल्प बाहेर या. अंगणात या."

मी अंगणात गेले. ती म्हणाली, "गुड्ड नाही, काकू."

"नाही म्हणजे?"

"नाही. खड्डा आहे. खाण. पाणी साचलंय त्यात."

शेजारच्या टेकडीचा परवाना कुणा कंत्राटदाराला मिळाला होता. काळा दगड, चांगली झिलई घेतो, स्वयंपाकाच्या ओट्यांना जातो. त्याची माणसं आली तर शेजारच्या टेकडीवर काही खूण नाही आणि करीगुड्ड्यावर मात्र रेघा मारलेल्या, नंबर घातलेले. त्यांना वाटलं, सर्वेवाल्यांनी आखून दिलंय. हर्षिता सांगत होती, "तिथला माणूस म्हणतो, रेघा अगदी बरोबर जागी होत्या, मेडम, तिथंच दगड सुटायचा, आम्हांला काही शोधावंच लागलं नाही. पिवळ्या ऑइल पेंटच्या रेघा म्हणे. कुणी मारल्या असतील हो?"

"मी," म्हटलं.

ती म्हणाली, "सरी, असू दे, काकू. आधी खाली बसा कुठंतरी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यासारख्या गोष्टी मी आयुष्यात पुष्कळ केल्या आहेत. ही त्यातली नव्हती. या माणसाचं एकच काम होतं आणि ते मी माझ्या हातानं, एक इंची ब्रशनं, खाणवाल्यांना दाखवून दिलं होतं. त्या दिवशी मी त्यांना भात वाढला, औषध दिलं, आणि ते जानेवारीबद्दल बोलत होते ते ऐकत राहिले. माझी हिंमतच झाली नाही.

दगड कुठं गेला ते हर्षितानं शोधून काढलं. यशवंतपूरच्या बाजूला एक यार्ड होतं, तिथं काही ब्लॉक पडून होते. डोळे तपासायला जाते असं घरी सांगून मी तिच्याबरोबर गेले. यार्डात मोठमोठी पाती फिरत होती, त्यांच्यावर पाण्याची धार आणि जमिनीवर राखाडी चिखल. तिथला मॅनेजर पुढं आला. "किचनला पाहिजे काय, अम्मा? हा माल आता संपला. नऊ ब्लॉक राहिलेत, बाकी सगळे गेले."

नऊ ब्लॉक ओळीनं ठेवलेले होते. एकावर माझ्या हातचा सतरा होता, एकावर तेवीस. तीनचा आकडा मी वर्गात काढायची तसाच, वरून सपाट. मी त्यावर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. मॅनेजर बिचारा खुर्ची आणायला धावला.

हर्षिता तोवर पुढं गेली होती. काही ब्लॉक रेघेवर फोडले होते, पण काहींत दोन-दोन, तीन-तीन भिंती एकत्रच होत्या आणि ते ब्लॉक आडवे कापलेले होते. कापलेली बाजू पाण्यानं ओली होती, आरशासारखी स्वच्छ. ती एका ब्लॉकपुढं उभी राहिली ती हलेचना. मग तिनं मला बोलावलं.

"काकू, मी काही सांगत नाही. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि इथं काय दिसतंय ते तुम्हीच सांगा."

मी बघितलं. पंचवीस वर्षं मी या कडा मोजल्या होत्या, मला सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. जाड कणांचा दगड, मग तो बारीक होत गेलेला, ती आमची कड. तिच्या पुढं आम्हांला टेकडीवर नेहमी एक खोबण दिसायची, माती आणि शेवाळानं भरलेली. पुढची भिंत तिथूनच जाड कणांनी सुरू होते असं आम्ही धरलं होतं. इथं त्या खोबणीच्या जागी बोटभर रुंदीची पांढुरकी पट्टी होती, वेगळ्याच दगडाची. आणि पट्टीच्या पलीकडं पुन्हा बारीक कड.

"दोन," मी म्हटलं. "दोन कडा. मध्ये दुसरा दगड."

आम्ही नऊ ब्लॉकांत चौदा ठिकाणी बघितलं. चौदाही ठिकाणी दोन.

हर्षिता हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे जुन्या जमिनीला तडे गेले आणि त्यांत रस शिरला, इतकंच. भिंती फाटल्या नाहीत. तिथं समुद्र नव्हता, काकू. सरांची चूक म्हणता यायची नाही. वरनं ती पट्टी आणि तिला लागलेली दुसरी कडही झिजून गेली होती. कापल्याशिवाय कुणालाच दिसलं नसतं."

सांगायला लाज वाटते, पण एक क्षण मला सुटल्यासारखं झालं. माझ्या हातून काही बुडालं नव्हतं. बुडण्यासारखं तिथं काही नव्हतंच. मग तो क्षण गेला आणि घरात पडलेला माझा माणूस मला दिसला. गंगव्वाला समुद्र समजावून सांगत असेल.

परतताना रिक्षात हर्षिता म्हणाली, "सरांना सांगायला पाहिजे. त्यांना खरं तेच हवं असतं."

"त्यांच्याकडे महिना आहे ग. तीस वर्षं चुकीची गेली हे कळून ते महिनाभर काय करणार? झाकली मूठ राहू दे."

"माझा पेपर मी थांबवते, घाई नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलायची नाही. म्हणून मी घरी येत नाही, काकू." ती रडत होती. मल्लेश्वरमला मला सोडून ती तशीच पुढं गेली.

पाहुणे येणार नाहीत याला कारण तर द्यायला हवं होतं. माझ्याजवळ दोन खऱ्या गोष्टी होत्या. एक सांगितली की दुसरी सांगावी लागणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वाला भाजी आणायला पाठवून मी त्यांच्याजवळ बसले आणि पेंटचं सगळं सांगितलं. दुकान, डबा, रेघा, खाण, यार्डातले नऊ ब्लॉक. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

"ऑइल पेंट?" त्यांनी विचारलं.

"होय."

"मी खडू म्हणून सांगितलं होतं."

तेवढंच बोलले. मी पाया पडले, त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवण गंगव्वाच्या हातानं, औषध गंगव्वाच्या हातानं. चष्मा हवा असला तर मी समोर असताना तिला म्हणायचे, "त्यांना सांग, चष्मा द्या म्हणून." माझ्याशी भांडले असते, ओरडले असते तर मी ते आनंदानं ऐकलं असतं. आमच्या घरात भांडायचं काम माझं होतं, गप्प राहून मारायचं कुणालाच येत नव्हतं असं मला वाटायचं. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली, "नीरजा." मी स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच गेले. त्यांनी बसायला खूण केली.

"यार्डातले ब्लॉक कापलेले होते?"

"काही होते."

"ओले?"

"होय."

ते छताकडं बघत होते. श्वास पुरत नव्हता, थांबून थांबून बोलत होते. "ती खोबण माझ्या मनात होती. पहिल्या वर्षापासून. कापून बघायला पाहिजे होतं. एक ब्लॉक कापला असता तर कळलं असतं. मी म्हणायचो, टेकडीला जखम नको. ते खरं नव्हतं. मला भीती वाटायची." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. बारा दिवसांत पहिल्यांदा. "तू गणिताची बाई आहेस. तू बघितल्याशिवाय राहिली नसशील. दुसरी कड होती?"

वर्गातली मुलं पेपर हातात पडायच्या आधी बघतात तसे ते माझ्याकडं बघत होते. मला सगळं समजत होतं. दोन म्हटलं की त्यांचा समुद्र जाणार होता आणि माझा गुन्हाही जाणार होता. ते कदाचित हसलेही असते. म्हणाले असते, वेडे, तू काहीच बुडवलं नाहीस. ते तसे होते, मी सुरुवातीलाच सांगितलं.

"एकच कड," मी म्हटलं.

"नक्की?"

"चौदा ठिकाणी बघितलं. सगळीकडे एकच."

त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की तसा मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. ओठ हलत होते, बहुतेक आकडे म्हणत होते. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो धरू दिला. मग त्यांनी डोळे उघडले.

"म्हणजे सगळं तिथं होतं," ते म्हणाले.

"होय."

"सगळं बरोबर होतं. आणि तू..."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर नऊ दिवसांनी, शनिवारी पहाटे ते गेले. भेटायला आलेल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी पेंटचं सांगितलं होतं. दिवसकार्याला आलेली माणसं माझ्याशी जपून बोलत होती, आणि मी कुणालाही काही समजावत बसले नाही. हर्षिताचा पेपर आता छापून आलाय. करीगुड्ड समुद्राचा तळ नव्हतं असं त्यात लिहिलं आहे. तो पाठवायला तिला मीच सांगितलं. श्रीरंगांनीही तेच सांगितलं असतं, आणि ज्यांनी तसं सांगितलं असतं त्या माणसाशी मी खोटं बोलले. पेंटपेक्षा मोठा गुन्हा तो आहे, हे मला माहीत आहे.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्यांच्या पायांना सूज फार होती. गंगव्वा आंघोळीला गेली होती, म्हणून मी पायथ्याशी बसून पाय चेपायला घेतले. त्यांनी डोळे उघडून कोण आहे ते बघितलं. अंगात कूस बदलायचीही ताकद उरली नव्हती, तरी त्यांनी पाय ओढून घेतले.